कारल्याच्या बीचा निर्णय

फार वर्षांपूर्वी, पौषातल्या थंडीत, यमुनाक्कांनी उन्हाळी भाज्यांच्या बिया ओल्या फडक्यात बांधून चुलीजवळ ठेवल्या. चार दिवसांत मोड न आलेली बी कोंबडीला जायची.

दुधीच्या बीला लवकरच मोड आला. तिने कारल्याच्या बीला विचारलं, "तुझं काय?"

"ही ऊब उन्हाची की चुलीची, याचा अभ्यास चाललाय. घाईत फुटले आणि फसले तर?"

"आणि कोंबडी?"

"तिचाही विचार करतेय."

चौथ्या दिवशी अक्कांनी कारल्याची बी उचलली. कोंबडी धावत आली. पण अक्कांनी अडकित्त्याने बीच्या जाड कवचाचं टोक कातरलं आणि तिला परत फडक्यात ठेवलं. दोन दिवसांत मोड आला.

"फुटलीस एकदाची," दुधीची बी म्हणाली.

"हो. सर्व बाजूंनी विचार करून मीच ठरवलं."