झुबकीची शेंग रुळाखाली

डोंगरात एक रेल्वे होती. इवलीशी! रूळ जवळजवळ, डबे ठेंगणे, इंजिन बुटकं. पणजोबांच्या वेळची गाडी ती. मग एकदा दरड कोसळली. रूळ वाकले. गाडी बंद पडली. रुळांवर गवत उगवलं आणि गवतात खारी नांदू लागल्या.

त्यातलीच एक झुबकी. एवढीशी खार, आणि केवढी मोठी शेपटी! झुबकीला एक बाळ होतं. आज बाळाचं उष्टावण. म्हणजे बाळ आज पहिल्यांदा खाऊ खाणार! आजवर नुसतं दूध, दूध आणि दूध.

उष्टावणासाठी झुबकीने एक शेंग जपून ठेवली होती. भुईमुगाची. चांगली तीन दाण्यांची. कुठे ठेवली होती? रुळाजवळच्या खडीत. "इथे कुठे गाडी येतेय!" म्हणाली. शहाणीच की नाही?

सकाळी बघते तर काय? ठाक ठोक! ठाक ठोक! माणसं आली होती. गाडी पुन्हा सुरू करायची होती ना! गवत गेलं, नवा रूळ आला, आणि शेंगेवर बसला एक स्लीपर. स्लीपर म्हणजे रुळाखालची जाड फळी.

झुबकीला रडू आलं. पण थोडंसंच. तिने डोळे पुसले, शेपटी वर केली आणि म्हणाली, "माझ्या बाळाची शेंग आहे. मी मिळवणारच!"

"स्लीपरदादा, स्लीपरदादा, जरा सरक. माझ्या बाळाची शेंग मला मिळेना!"

स्लीपर म्हणाला, "माझ्या डोक्यावर रूळ बसलाय. रूळ उठेल, तर मी सरकेन."

"बरं!" म्हणाली झुबकी. आणि गेली रुळाकडे. सुर्र सुर्र, तुरु तुरु.

"रूळदादा, रूळदादा, जरा उठ.
स्लीपर सरकेना,
माझ्या बाळाची शेंग मला मिळेना!"

रूळ वाकडा पडला होता. तो म्हणाला, "मला काय हौस आहे इथे वाकडं पडायची? गडी उचलतील, तर मी उठेन."

"बरं!" म्हणाली झुबकी. आणि गेली गड्यांकडे. सुर्र सुर्र, तुरु तुरु.

गडी सावलीत बसले होते. पहारी मांडीवर.

"दादांनो, दादांनो, रूळ उचला.
रूळ उठेना,
स्लीपर सरकेना,
माझ्या बाळाची शेंग मला मिळेना!"

गडी म्हणाले, "एकेकाने उचलला तर बोटं चेंगरतील, बाई! आमचं काम एका हाकेला, सगळ्यांनी मिळून. मुकादममामा हाक देतील, तर आम्ही उचलू."

"बरं!" म्हणाली झुबकी. आणि गेली मामांकडे. सुर्र सुर्र, तुरु तुरु.

मुकादममामा दगडावर बसले होते. गळ्याला मफलर.

"मामा, मामा, हाक द्या. आज बाळाचं उष्टावण आहे हो!
गडी रूळ उचलीनात,
रूळ उठेना,
स्लीपर सरकेना,
माझ्या बाळाची शेंग मला मिळेना!"

मामांनी तोंड उघडलं. आवाज आला, "खर्रर्र." हाका देऊन देऊन घसा बसला होता! कसंबसं म्हणाले, "आल्याचा चहा मिळेल... तर मी हाक देईन."

"बरं!" म्हणाली झुबकी. आणि गेली चहावाल्या सगुणामावशीकडे. सुर्र सुर्र, तुरु तुरु.

सगुणामावशीची चूल पेटलेली, आलं ठेचलेलं.

"मावशी, मावशी, चहा कर.
मामा हाक देईनात,
गडी रूळ उचलीनात,
रूळ उठेना,
स्लीपर सरकेना,
माझ्या बाळाची शेंग मला मिळेना!"

मावशीने हंडा उलटा करून दाखवला. टिपूससुद्धा नाही! "आजपासून पाणी इंजिन आणणार आहे, म्हणे. कधीची वाट बघतेय मी! इंजिन पाणी आणेल, तर मी चहा करीन."

"बरं!" म्हणाली झुबकी. आणि गेली खाली, इंजिनाकडे. सुर्र सुर्र, तुरु तुरु. केवढं लांब! पाय दुखले. बाळ आठवलं. पाय दुखायचे थांबले.

बुटकं इंजिन स्टेशनात उभं होतं. नवा हिरवा रंग लावून. मागे पाण्याची टाकी.

"इंजिनदादा, इंजिनदादा, पाणी आण.
मावशी चहा करीना,
मामा हाक देईनात,
गडी रूळ उचलीनात,
रूळ उठेना,
स्लीपर सरकेना,
माझ्या बाळाची शेंग मला मिळेना!"

"फुस्स्!" इंजिन म्हणालं. "किती वर्षांनी निघालोय मी! नारळाशिवाय कसा निघू? स्टेशनमास्तर नारळ फोडतील, तर मी पाणी आणीन."

"बरं!" म्हणाली झुबकी. आणि गेली मास्तरांकडे. सुर्र सुर्र, तुरु तुरु.

पागनीसमास्तर टोपी घालून उभे होते. दोन्ही हातांनी नारळ धरून.

"मास्तर, मास्तर, नारळ फोडा.
इंजिन पाणी आणेना,
मावशी चहा करीना,
मामा हाक देईनात,
गडी रूळ उचलीनात,
रूळ उठेना,
स्लीपर सरकेना,
माझ्या बाळाची शेंग मला मिळेना!"

मास्तर म्हणाले, "आधी घंटा, मग नारळ! घंटा वाजवणारे तात्या गेलेत वर, रूळ उचलायला. आणि माझ्या हातात तर नारळ आहे! घंटा वाजेल, तर मी नारळ फोडीन."

आता बोला! तात्या वर सावलीत, आणि घंटा इथे गप्प.

"बरं!" म्हणाली झुबकी. आणि गेली घंटेकडे. सुर्र सुर्र, तुरु तुरु.

"घंटाताई, घंटाताई, जरा वाज.
मास्तर नारळ फोडीनात,
इंजिन पाणी आणेना,
मावशी चहा करीना,
मामा हाक देईनात,
गडी रूळ उचलीनात,
रूळ उठेना,
स्लीपर सरकेना,
माझ्या बाळाची शेंग मला मिळेना!"

घंटा म्हणाली, "माझी कुठे ना आहे? दोरी ओढ, की मी वाजलेच!"

झुबकीने इकडे बघितलं. तिकडे बघितलं. दोरी कोण ओढणार?

"मीच!" म्हणाली झुबकी.

तिने मारली उडी. दोरी हललीच नाही. पुन्हा मारली उडी. दोरी हलली थोडीशी. मग झुबकीने दोरी गच्च धरली आणि झुलली. झुल झुल, झुल झुल, झुल झुल...

ठण्ण्!

घंटा वाजली, ठण्ण्!
मास्तरांनी नारळ फोडला, फट्!
इंजिनाने पाणी आणलं, भक भक भक! टपावर कोण? झुबकी!
मावशीने चहा केला, खळ खळ खळ!
मामांनी चहा प्यायला, फुर्र फुर्र, आणि हाक दिली, "होऽऽ हैश्शा!"
गड्यांनी रूळ उचलला,
रूळ उठला,
स्लीपर सरकला,
आणि बाळाची शेंग झुबकीला मिळाली! अख्खीच्या अख्खी!

झुबकी धावत जाऊन बाळाला घेऊन आली.

मुकादममामा म्हणाले, "उष्टावण ना? मग बाळाचा मामा कुठाय? पहिला घास मामाने भरवायचा असतो."

झुबकीला भाऊच नव्हता. तिची शेपटी खाली गेली.

"अगं, मघाशी मला मामा, मामा कोण म्हणत होतं?" मामा हसले. त्यांनी शेंग फोडली. दाणा चुरला. एवढासा कण बोटावर घेतला आणि बाळाच्या तोंडात घातला.

कुट कुट कुट. सगळे बघत राहिले. बाळाने घास गिळला, तोंड उघडलं आणि ओरडलं,

"हैश्शा!"

गडी ताडकन उठले. एका हाकेला सगळे! धरला रूळ, लावला जोर, आणि वाकडा रूळ बसला सरळ!

इंजिनाने शिट्टी दिली, कूऽऽऽ! भक भक भक करत गाडी निघाली. झुबकी आणि बाळ टपावर, आणि झुबकीची शेपटी सगळ्यांत वर.

शेंग गेली पोटात, आणि गोष्ट आली स्टेशनात!