तीन हाका

दादाने वर का पाहिले नाही?

हा प्रश्न म्हाळूने गावातल्या प्रत्येकाला विचारून झाला होता. पाटलांनी आभाळाकडे बोट दाखवले. पुजाऱ्याने अंगारा लावला. वैद्यबुवांनी सांगितले की सिद्धाला, म्हणजे दादाला, मरताना वेदना झाल्या नाहीत. म्हाळूने वेदनेचे विचारलेच नव्हते. दरडीच्या वरच्या अंगाला तो स्वतः उभा होता आणि दादा खालच्या वाटेने चालला होता. दगड सुटताना त्याने पाहिला. "दादा, बाजूला हो!" अशा तीन हाका मारल्या. वारा पडलेला होता, खालच्या ओढ्याची खळखळसुद्धा वर ऐकू येत होती. तरी दादा मान खाली घालून त्याच संथ चालीने चालत राहिला.

म्हाळूच्या मनात याचे एक उत्तर होते आणि ते त्याने कोणाला सांगितले नव्हते. त्याच सकाळी दोघांचे वाजले होते. काडेपेटी आणायला तीनदा सांगूनही दादा बाजारातून रिकाम्या हाताने आला आणि वर नुसता हसला. तापट म्हाळू ओरडला होता, "तुला माझी किंमतच नाही! मेलो तरी तुझ्याशी बोलणार नाही." दादा तेव्हाही हसला होता. आता म्हाळूला वाटे, दादाने हाक ऐकली होती. रागाने त्याने वर पाहिले नाही.

तो मुलूख डोंगरी होता, मेंढपाळांचा. मेंढवाड्यांवर कोल्ह्यांची धाड पडे, म्हणून प्रत्येक वाडीचा एक राखणदार असे आणि कारभाऱ्यांच्या परवान्याने त्याच्याकडे लहान गोळीची एक रायफल असे. राखणदारांची एक जुनी रीत होती. बार काढताना कानात बोळा घालायचा नाही. घातला तर बायासुद्धा हसत. उलट दोन-तीन वर्षे बार काढून काढून एखाद्याच्या कानात बारीक शिट्टी वाजू लागली की तो पक्का राखणदार झाला असे मानत आणि वाडीभर गूळ वाटत. सिद्धाला तिसऱ्या वर्षी शिट्टी आली. गुळाची परात डोक्यावर घेऊन घरोघर फिरला तो म्हाळूच. तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि भावाच्या अभिमानाने त्याचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

आता ती रायफल म्हाळूकडे आली. दोन महिने त्याने तिला हात लावला नाही. नंतर कारभाऱ्यांनी फर्मान काढले की यापुढे राखणदारांच्या रायफलींना आवाज दाबणारा सायलेन्सर लावावा. म्हाळू रायफल खांद्याला लावून थेट आबांकडे गेला. आबा म्हणजे साऱ्या खोऱ्याच्या रायफली दुरुस्त करणारे वृद्ध कारागीर. सिद्धाला नेम धरायला त्यांनीच शिकवले होते.

"आबा, असा सायलेन्सर द्या की बार झालेला मला कळतासुद्धा कामा नये," म्हाळू दारातूनच म्हणाला.

आबा कानस चालवीत राहिले. म्हाळूने पुढे जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावला, तेव्हा ते दचकले आणि त्याच्या ओठांकडे पाहू लागले. म्हाळूने पुन्हा सांगितले.

"का रे?"

"खोऱ्यात बार झाला की मला वाटतं, दादा आला."

आबांनी कानस खाली ठेवली. त्यांनी चुलीवर चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी आबांनी निरोप धाडलेला व्यापारी तीन सायलेन्सर घेऊन आला. पहिला कणसाएवढा, चकचकीत, हलका. "हा घ्या, मालक," व्यापारी म्हणाला, "मांजर चालल्यासारखा बार होतो. नवरीच्या हातात शोभेल असा आहे!"

दुसरा जाडजूड होता. आबांनी तो उजेडाकडे धरून आरपार पाहिले आणि लगेच परत ठेवला. "हा मोठ्या गोळीच्या रायफलीचा. म्हशीचं जू शेळीच्या मानेवर घालायला निघालात का शेठ?"

"लागत तर आहे, आबा!"

"जू लागतं हो. शेळी चालत नाही. या लहान गोळीला एवढं भोक म्हणजे दार उघडं टाकून कडी लावणं."

तिसरा लांब होता, काळपट, कसलीही चकाकी नसलेला. हातात घेताच म्हाळूने तोंड वाकडे केले. "हा तर वरवंटा आहे. याच्यापेक्षा मी कोल्ह्यांना फेकून मारीन."

व्यापारी मनापासून हसला. आबाही हसले. मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. त्यांनी म्हाळूला टेकडीकडे तोंड करून उभे केले, समोरच्या मातीच्या बांधावर एक फळी रोवली आणि ते स्वतः फळीकडे न जाता, रायफलीजवळही न थांबता, म्हाळूच्या पाठीमागे तीस पावले चालत गेले.

"आबा, तिथून काय दिसणार?" व्यापाऱ्याने विचारले.

"मला काही बघायचं नाही," आबा म्हणाले. "म्हाळू, पहिला बार तसाच काढ, काही न लावता. एकदाच. यानंतर आयुष्यात कधी नाही."

बार झाला. खोरे दणाणले. म्हाळू वळून आबांजवळ आला आणि आनंदाने म्हणाला, "आबा, शिट्टी! माझ्या कानात शिट्टी वाजते आहे!"

"बार झाल्यावर मी काय बोललो?"

"तुम्ही बोललात?"

"बोललो. शेठनी ऐकलं ना?"

आबांशेजारी कानांवर हात दाबून उभ्या राहिलेल्या व्यापाऱ्याने मान डोलावली. आबांनी रायफल भिंतीला टेकवली आणि त्या दिवशी पुन्हा बार काढू दिला नाही. "कान मोकळा होऊ दे," एवढेच म्हणाले. म्हाळू चरफडला. व्यापाऱ्याने मुक्काम केला आणि आबांचे आणि म्हाळूचे मिळून सहा भाकऱ्यांचे जेवण एकट्याने जेवला.

सकाळी म्हाळूची शिट्टी निवली होती. आबांनी चकचकीत सायलेन्सर चढवला आणि पुन्हा तीस पावले मागे गेले. बार झाला. या वेळी म्हाळूला पाठीमागे कोणीतरी बोलल्याचे कळले. शब्द मात्र कळले नाहीत.

"मांजर जरा दांडगं दिसतंय," आबा व्यापाऱ्याला म्हणाले.

मग त्यांनी काळपट, लांब सायलेन्सर चढवला. तो नळीशी नेमका सरळ बसला आहे ना, हे डोळा लावून दोनदा तपासले. म्हाळूने नेम धरला आणि चाप ओढला. टेकडीवर गोळीचा सणसणीत फटकारा तर झालाच. पण तो दूर गेला, गोळीबरोबर गेला. आणि तो विरतो न विरतो तोच मागून अगदी रोजच्या बोलण्याच्या आवाजात शब्द आले.

"म्हाळू, बाजूला हो."

म्हाळू झटकन बाजूला झाला.

मग तो होता तिथेच उभा राहिला. वळला नाही. फळी पाहायला धावत गेलेला व्यापारी तिथून ओरडला, "अहो, गोळी चार बोटं खाली लागली! वजनानं नळी झुकली. हा नको, नेम बिघडतो!"

"नेम पुन्हा बसवता येतो, शेठ, एका सकाळचं काम आहे," आबा जवळ येत म्हणाले. "कान पुन्हा बसवता येत नाही."

आबांनी त्याला बांधावर बसवले आणि समोर बसले, त्याचे ओठ दिसतील असे.

"पोरा, हा आवाज पुरता मरत नाही. गोळी जोवर हवा फाडत जाते तोवर तिचा आवाज तिच्याबरोबर जाणारच. आपल्याला वाचवायचं असतं ते आपल्या कानाजवळचं. सायलेन्सर निवडताना बार किती ऐकू येतो ते बघू नये. बारानंतर माणूस ऐकू येतं का, ते बघावं. तुला काल एका बारानंतर माझं बोलणं ऐकू आलं नाही. सिद्धानं चौदा वर्षं बार काढले, उघड्या कानानं. ऐकू कमी झालेला माणूस आधी मान डोलवायला शिकतो आणि मग हसायला. मला ठाऊक आहे, मीही तेच करतो. त्यानं वर पाहिलं नाही, कारण त्याच्यापर्यंत काही पोचलंच नाही."

"सकाळी मी त्याला..." म्हाळू अडखळला. "मी त्याला फार वाईट बोललो होतो, आबा."

"आणि तो हसला असेल."

म्हाळूने होकारार्थी मान हलवली.

"तेही पोचलं नाही रे," आबा म्हणाले. थोडे थांबून त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिले. "त्याच्या शिट्टीचा गूळ मीही खाल्ला होता. तूच आणून दिला होतास. कानात बोळा घाल, असं मी त्या दिवशी सांगायला हवं होतं. मी दुसरा खडा मागितला."

व्यापाऱ्याने तोवर आपण होऊन चहा टाकला. खालून मेंढ्यांच्या घंटा ऐकू येत होत्या, ओढा ऐकू येत होता. म्हाळूने ते सगळे ऐकले. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याला भूक लागली, आणि पाहतो तो भाकऱ्यांची दुरडी व्यापाऱ्याने कालच रिकामी केलेली. तेव्हा तो हसला.

सकाळ सरेपर्यंत त्यांनी नवा नेम बसवून घेतला, या वेळी तिघांनीही कानांत बोळे घालून. ज्याला हाका मारणारे कोणी आहे, त्याने कान जपावेत, एवढेच आबा म्हाळू निघताना म्हणाले.

म्हाळू दरडीखालच्या वाटेने घरी गेला. दादा पडला होता तिथे क्षणभर थांबला, वर पाहिले आणि पुढे निघाला. घरी त्याने दादाच्या जुन्या पागोट्याची एक पट्टी फाडली. तिच्यात कापूस भरून दोन बोळे वळले. आपल्यासाठी आबांकडून त्याने वेगळे घेतले होते. हे दोन दादाच्या नावाचे; ते त्याने रायफलीच्या दस्त्याला दोऱ्याने पक्के बांधले, दादाचा हात जिथे असायचा तिथे.

आपल्याला शिट्टी आली की वाडीभर वाटायला म्हणून परातीत काढून ठेवलेला गूळ त्याने मेंढ्यांना घातला.