राखेचा डबा आणि चारही चाकांची गाडी

दूर उत्तरेकडे, देवदारांच्या डोंगरात एक गाव होतं आणि त्या गावात आपला एक मराठी माणूस राहत होता. हिंदुराव त्याचं नाव. धंदा सोनं गाळण्याचा. खानापूर-आटपाडीकडची ही माणसं मुशी आणि भाता घेऊन कुठं कुठं जाऊन बसतील याचा नेम नाही. हिंदुराव तरुणपणी या गावात आला आणि इथलाच झाला. बायको शालन गावाकडची. तिला आधी थंडी सोसेना. पुढं तीही रुळली, लोकरीचे मोजे विणायला शिकली आणि शेजारणींशी त्यांच्या बोलीत भांडायलाही शिकली. गावात दोघांना मान होता; हिंदुरावला सगळे सेठजी म्हणत.

गावातून खालच्या बाजारपेठेला जायला एकच रस्ता. तो आधी सपाट जाई, मग वेशीवरच्या थोरल्या देवदारापासून एकदम उतरणीला लागे. उताराच्या मध्यावर एक वळण होतं. डोंगराच्या सावलीमुळं तिथं हिवाळाभर ऊन म्हणून पडत नसे. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली नदी. वरून, देवदारापाशी उभं राहून, ते वळण दिसत नसे. सगळी गोम तिथंच होती.

म्हणून गावानं एक रीत पाडली होती. बर्फाच्या दिवसांत सकाळी जी गाडी सर्वांत पुढं निघेल, तिनं देवदारापाशी थांबायचं. गाडी चालवणाऱ्यानं खाली उतरायचं, वळणापर्यंत पायी जायचं आणि रस्ता पायानं चाचपून बघायचा. भुसभुशीत ताजा बर्फ असला तर नुसतं बघून परत यायचं. पण खाली कडक, गुळगुळीत बर्फ धरला असेल तर त्यावर राख पसरायची आणि मगच गाडी उतरवायची. राख घराघरातल्या बुखारीची, म्हणजे खोली ऊबदार ठेवणाऱ्या लोखंडी शेगडीची. मागून येणारे मग उतरत नसत. पुढच्या गाडीच्या चाकांच्या खुणा देवदाराच्या पलीकडं गेलेल्या दिसल्या, की रस्ता बघून झाला असं समजायचं आणि त्याच खुणांवरून खाली जायचं. रीत कुठं लिहिलेली नव्हती. तिला लिहिण्याची गरजही पडली नव्हती.

बरीच वर्षं पुढची गाडी दिलेरामची असे. दिलेराम सफरचंदांचा बागाईतदार, हिंदुरावचा शेजारी आणि दोस्त. त्याची गाडी लहानशी आणि जुनी. चढावर ती कण्हायची, चाकं जागच्या जागी फिरवायची, कधी रुसून बसायची. पण दिलेराम रोज न चुकता देवदारापाशी उतरे, चाक जाणार त्याच रेषेत चालत वळणापर्यंत जाई आणि येई. हिंदुराव हिवाळ्यात त्याच्याच गाडीतून बाजारपेठेला जायचा. दिलेराम उतरला की हा आत बसून हात चोळत म्हणायचा, "दिलेरामजी, आटपा लवकर!"

मग एका वर्षी हिंदुरावनं नवी गाडी घेतली. साधीसुधी नाही. इंजिनाची ओढ चारही चाकांना मिळणारी, उंच, रुंद आणि काळीभोर. विकणाऱ्यानं सांगितलं, "बर्फात फिरणार असाल तर टायर बर्फाचे घाला." हिंदुराव हसला. चारही चाकं ओढत असताना टायरचे चोचले कशाला, असं त्याला वाटलं. गाडी दारात आली. अख्खं गाव बघायला जमलं. शालननं तिला हळदकुंकू लावलं आणि नारळ वाढवला. त्या गावात नारळ मिळवणं हेच मोठं काम, पण तिनं तो मिळवला होता.

पहिला बर्फ पडला आणि गाडीनं आपला गुण दाखवला. गावातल्या चढावर दिलेरामची गाडी अडकली होती. हिंदुराव तिच्या बाजूनं झोकात वर गेला, वर जाऊन थांबला, दोर टाकला आणि दिलेरामला ओढून काढलं. लोकांनी वाहवा केली. हिंदुरावला ती आवडली. कुणाला आवडणार नाही? घरी आल्यावर तो जेवताना गाडीचंच बोलत राहिला.

शालन भाकरी थापता थापता म्हणाली, "गाडी चढती झ्याक. खरं, थांबती का?"

"आगं, थांबायला बिरेक हाईत की!"

"बिरेक तर दिलेरामभाऊंच्या गाडीला बी हाईत," शालन म्हणाली.

हिंदुरावला यात काही विशेष दिसलं नाही. त्यानं भाकरी मागितली.

दुसऱ्या दिवशी तो दिलेरामकडं गेला आणि म्हणाला, "उद्यापासून पुढं मी जात जाईन. माझी गाडी दमदार आहे. तुम्ही मागून सावकाश या."

दिलेरामला बरंच वाटलं. वय झालं होतं, पहाटेच्या थंडीत गुडघे धरायचे. तो एवढंच म्हणाला, "जा की. पण जो पुढं जाईल त्यानं उतरायचं."

"त्यात काय अवघड आहे!" हिंदुराव म्हणाला.

आणि खरंच, आरंभी तो उतरला. शालन रोज सकाळी बुखारीतली गार झालेली राख डब्यात भरून गाडीत ठेवायची. हिंदुराव देवदारापाशी थांबायचा, वळणापर्यंत जायचा आणि यायचा. पुढं सारखा ताजा बर्फ पडत राहिला. ताज्या बर्फावर राख लागत नाही. रोज नुसतं चालत जायचं, बघायचं आणि परत यायचं. गाडीत तर ऊब होती. काचेतून रस्ता चांगला दिसत होता. चाकं कधी घसरतच नव्हती. दिलेरामची गाडी जरा निसरडं लागलं की कुरकुर करायची, ही काळी गाडी हूं की चूं करत नव्हती. हिंदुरावला वाटू लागलं, की रस्ताच चांगला आहे.

मग एके दिवशी तो देवदारापाशी उतरला नाही, नुसता थांबला. पुढं थांबणंही गेलं, गाडी हळू करणं तेवढं राहिलं. नंतर तेही राहिलं नाही. झालं काहीच नाही. वाईट सवय लागते ती अशीच, काही न होता.

एका रात्री बर्फाऐवजी पाऊस आला. पहाटे कडाक्याची थंडी पडली आणि रस्त्यावरचं पाणी जागच्या जागी गोठलं. त्यावर पिठाच्या चाळणीतून पडावा तसा पातळ बर्फ पडला. वरून सगळं रोजच्यासारखं पांढरं दिसत होतं.

हिंदुरावला त्या सकाळी घाई होती. बाजारपेठेतल्या सराफाकडं लग्नाच्या दागिन्यांचं सोनं पोचवायचं होतं. अंगात नवा कोट होता. आदल्या दिवशी राखेचा डबा कलंडून गाडीतला नवा गालिचा खराब झाला होता. त्यानं डबा उचलला, दारामागं चपलांच्या शेजारी ठेवला आणि गाडी काढली. शालन आत होती. तिलाही त्या दिवशी बाजारपेठेला जायचं होतं, पण शेजारणींबरोबर, मागून, दिलेरामच्या गाडीतून.

देवदार आला आणि मागं गेला. गाडी रोजच्याच ऐटीत उताराला लागली. वळण जवळ आलं तसा हिंदुरावनं ब्रेक दाबला.

गाडी थांबली नाही.

त्यानं आणखी दाबला. चारही चाकं थांबली होती आणि गाडी मात्र चालली होती, मुकाट, कसलाही आवाज न करता. हातातलं स्टिअरिंग फिरवलं तरी ती सरळच जाई. समोर नदीकडची मोकळी बाजू दिसत होती. मग कशावर तरी मागचं चाक अडलं, गाडी गर्रकन फिरली आणि कड्याकडच्या बर्फाच्या ढिगात तोंड खुपसून, रस्ता अडवून आडवी उभी राहिली.

हिंदुराव बराच वेळ तसाच बसून राहिला. हातपाय धड होते. सोन्याची पेटी धड होती. त्यानं सुटकेचा श्वास घेतला. आणि मग त्याला आपल्या चाकांच्या खुणा आठवल्या.

त्या देवदाराच्या पुढं आल्या होत्या. मागून दिलेराम येईल. खुणा बघेल. सेठजी बघून गेले म्हणेल आणि न उतरता खाली येईल. वळणावर आडवी गाडी आहे हे त्याला वळणावर आल्यावरच दिसेल, आणि तेव्हा ब्रेकचा उपयोग नसेल. त्या गाडीत शालन असेल.

तो दार उघडून बाहेर पडला आणि पहिल्याच पावलाला आपटला. उठला, पुन्हा आपटला. रस्त्यावर पाय ठरेना. त्यानं राखेसाठी मागं वळून बघितलं आणि डबा कुठं आहे ते त्याला आठवलं. मग कडेच्या झुडपांना धरत, गुडघ्यांवर रांगत तो वर निघाला. नवा कोट फाटला, तळहात सोलवटले. "थांबा! थांबा!" तो ओरडत होता, पण बर्फात आवाज लांब जात नाही. वरून ओळखीची घरघर ऐकू आली. दिलेरामची गाडी. घरघर जवळ आली. हिंदुरावला रडू फुटलं. एवढा मोठा माणूस रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर बसून रडत होता.

आणि घरघर थांबली.

थोड्या वेळानं वरून शालन येताना दिसली. लोकरी मोजे तिनं बुटांवरून चढवले होते, पाय घसरू नयेत म्हणून. हातात राखेचा डबा होता. मूठभर राख टाकायची, पाऊल पुढं टाकायचं, पुन्हा मूठभर राख टाकायची. गुडघ्यांवर बसलेला नवरा दिसला तशी ती जागीच थबकली. तिनं त्याला डोक्यापासून पायापर्यंत बघून घेतलं.

"लागलं का कुठं?"

"न्हाई," हिंदुराव म्हणाला. "तू कशी काय उतरलीस? चाकांच्या खुणा हुत्या की."

"खुणा हुत्या. खरं, डबा दारामागं हुता," शालन म्हणाली. "घरातनं निघताना दिसला. तवापासनं जीव थाऱ्यावर न्हाई माझा."

मग तिनं डबा पुढं केला. "धरा."

हिंदुरावनं डबा घेतला आणि वळणापर्यंतचा सगळा उतार आपल्या हातानं राखेनं काळा केला. तोवर दिलेरामही सावकाश चालत आला. त्यानं आडवी गाडी बघितली, नदीकडची बाजू बघितली. मागोमाग शेजारणी येत होत्या. त्यांच्यासमोर दोस्ताची मान खाली जाऊ नये म्हणून दिलेराम म्हणाला, "सेठजींनी राख टाकली असेल. पहाटेच्या बर्फाखाली गेली असेल ती. होतं असं."

हिंदुरावला सुटायला वाट मोकळी होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. शालन दुसरीकडं बघत होती.

"नाही दिलेरामजी," हिंदुराव म्हणाला. "मी थांबलोच नाही. आज नाही आणि गेले बरेच दिवस नाही. उद्यापासून पुन्हा तुम्हीच पुढं जा."

दिलेरामनं मान हलवली. "नको. पुढं तुमचीच गाडी बरी. फक्त उतरत जा."

एवढंच. यापेक्षा कडक तो काही बोलला नाही, आणि हिंदुरावला तेच जास्त लागलं. मग चारही चाकांखाली तीच बुखारीची राख पसरली, सगळ्यांनी मिळून रेटा दिला आणि काळी गाडी ढिगातून निघाली. त्याच आठवड्यात हिंदुरावनं बर्फाचे टायर घातले. गालिचा काढून टाकला.

तेव्हापासून तो रोज देवदारापाशी उतरतो, ताजा बर्फ असला तरी, घाई असली तरी. पूर्वी दिलेराम चाकांच्या रेषेतच चालायचा, त्यामुळं त्याच्या पावलांवरून गाडी जायची आणि पावलं पुसली जायची. हिंदुराव मुद्दाम कडेनं चालतो. जाताना एक ओळ, येताना एक ओळ. मागून येणारे आता चाकांच्या खुणा बघत नाहीत. ते खिडकीची काच खाली करतात आणि बुटांचे ठसे बघतात. ठसे दिसले की निघतात.

एकदा हिवाळ्यात शालननं गाडीत बसल्या बसल्या काच खाली केली आणि रस्त्याच्या कडेला नवऱ्याचे ठसे बघितले. मग ती शेजारणीला म्हणाली, "आता थांबती बरं का आमची गाडी."

तात्पर्य: ज्याच्या अंगात बळ जास्त, त्याला पायाखालचं निसरडं उशिरा कळतं, आणि त्याच्या मागून तर त्याच्याहून कमी बळाचे लोक येत असतात, म्हणून पुढं जाणाऱ्यानं आधी खाली उतरून वाट चाचपून बघावी.