केराईच्या कड्यावर रंग चाखतात

या, सावलीला या. हाच केराईचा कडा. फोटो काढायचे तर खुशाल काढा, त्याला कोणाची ना नाही, पण भिंतीला बोट लावू नका. मागच्या साली एक पाहुणे आले होते, चांगले शिकलेसवरलेले, आणि नखाने खरवडून बघत होते, रंग कशाचा आहे म्हणून. अहो, तोंडाने विचारलं असतं तर सांगितलं असतं की!

खडक तांबूस, वरून पुढे झुकलेला. पावसाचं पाणी समोर धारेने पडतं, भिंतीला लागत नाही, नुसते कडेकडेने ओघळ उतरतात. ह्या एवढ्या भिंतीवर अख्खं पांगारखोरे गाव आहे. बैल आहेत, दळणाऱ्या बाया आहेत, कुत्री आहेत, एक म्हातारा हुक्का ओढतोय तोही आहे. चैत्रात गावच्या बाया हे चित्र पुन्हा रंगवतात. बाजारातला रंग चालत नाही. चुलीची काजळी, उंबऱ्याची माती, वारूळ, पळसफुलं, जे गावात मिळेल ते. रंग कालवून झाला की रंगवणारी बाई वाटीत बोट बुडवते आणि सगळ्यांच्या समोर जिभेला लावते. गिळते. मगच ते बोट भिंतीला टेकतं.

लोक बघतात आणि हात जोडतात. म्हणतात, काय ही श्रद्धा! कसली श्रद्धा घेऊन बसलात? ह्याची सुरुवात झाली ती निव्वळ संशयातून. बसा, सांगतो.

फार मागे पांगारखोऱ्यात सटवा नावाचा जागल्या होता, असे सांगतात. जागल्या म्हणजे गावाचा राखणदार. आला-गेला बघायचा, पाऊलखुणा ओळखायच्या, कोणाच्या घरून काय गेलं त्याचा माग काढायचा. संशय घेणं हेच त्याचं काम, आणि तो ते मन लावून करी. वाटेत ओळखीचा माणूस भेटला तरी आधी त्याच्या हातातल्या गाठोड्याकडे बघे, मग तोंडाकडे. बायको गजरा हसून म्हणे, "मला बी एक डाव झडती घिऊन घरात घ्या!" तेव्हा ती हसत होती.

गावाच्या कडेला केरा राहायची. घाटापलीकडून लग्न होऊन आली, नवरा बैलांच्या तांड्याबरोबर गेला तो परत आला नाही. तिच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून जन्मल्याबरोबर आईने तिला उकिरड्यावर ठेवून उचलली आणि नाव केरा ठेवलं. असलं लेकरू मरणालाही नकोसं वाटतं, म्हणे. गावात ती सारवण करी, दळणकांडण करी. कामाला वाघ, पण बोलायला कमी, आणि कमी बोलणाऱ्या बाईवर गावाचा कधी विश्वास बसतो का?

एका पावसाळ्यात शेळ्यांमागे गेलेली केरा ह्या कड्याखाली अडकली. पाऊस उघडेना. बसल्याबसल्या ती भिंतीवरचे ओघळ बघत राहिली आणि बघता बघता तिला त्यात बैलाचं वशिंड दिसलं. मग मान दिसली. तिने विझल्या शेकोटीतला कोळसा उचलला आणि नुसती शिंगं काढली. झाला बैल! तेव्हापासून तिला चैन पडेना. काम उरकलं की कड्याकडे. दुपारच्या दुपार भिंतीसमोर बसून राहायची, काही न करता. एखाद्या डागात काहीतरी उमटेपर्यंत हात हलायचा नाही, आणि एकदा उमटलं की मग जेवणाची शुद्ध नसायची.

सटवा हे करवंदीच्या जाळीआडून बघत होता. बाई दगडाकडे एवढं काय बघते? ओठ हलतात, ते कोणाशी बोलते? भिंतीत कोणी धन पुरलंय की काय?

कोळशाने तिचं समाधान होईना, म्हणून केरा रंगाच्या मागे लागली. जे माणूस काढायचं, त्याच्याच घरचा रंग हवा, हे तिच्या डोक्यात कुठून आलं कोण जाणे. सारवायला गेली की तव्याखालची काजळी खरवडून घेई. उंबऱ्याची माती पदरात बांधी. वारुळाची माती, बाभळीचा डिंक, पिवळ्या मातीची पिवडी, झिजलेल्या जुन्या मडक्यांचा चुरा. कुंचल्याला केस लागतात, तर जावळ काढलेलं पोर दिसलं की न्हाव्याजवळचे केस उचली.

आता तुम्हीच सांगा. काजळी, उंबऱ्याची माती, लहान लेकराचे केस. तुम्हाला ह्यात चित्र दिसेल. आमच्या वाडवडिलांना दिसली करणी! कारण करणी करणारा नेमकं हेच नेतो, असं त्यांनी ऐकलेलं. सटवाने तर एक एक वस्तू मनात धरून ठेवली. तरी तो गप्प होता. मनाशी म्हणाला, मुद्देमालासकट धरीन.

त्याच साली गुरांवर बुळकांडीची साथ आली. गोठेच्या गोठे रिकामे झाले. ज्याचा बैल सकाळी वैरण खात होता, तो संध्याकाळी त्याला ओढून माळावर नेत होता. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. लोक म्हणू लागले, माझ्या दारातली माती तिने नेली आणि माझीच गाय गेली. पोरं तिला बघून पळू लागली. बायांनी सारवायला बोलावणं सोडलं. नावडतीचं मीठ अळणी. तिने राम राम केला तरी लोक म्हणत, आज हिने आपल्याला राम राम का केला असेल?

आणि ह्याच दिवसांत सटवाच्या घरी मुलगी झाली. सुईणीने दारात येऊन सांगितलं तेव्हा तो पाटलांच्या कामावर निघाला होता. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने जायचं नाही ही रीत होतीच, पण दाराशी आणून दाखवतात बापाला. सुईण म्हणाली, बघून जा. सटवा म्हणाला, "बारशाला बघू की. पळून चाललीय व्हय?" आणि गेला. परत आला तोवर मुलगी गेली होती आणि जाणत्यांनी ओढ्याकाठी तिला मातीही दिली होती.

त्या दिवसापासून गजरा बोलेनाशी झाली. स्वयंपाक करी, पाणी भरी, पण सटवाने काही विचारलं तर भिंतीकडे तोंड फिरवी. त्याचा जीव तुटत होता. रागावला, विनवलं, देवाला कौल लावला. ती बोलेना. आणि एका सकाळी राखणीवरून घरी येताना त्याने बघितलं, त्याच्याच परसातून केरा निघाली होती. हातात वाटी, वाटीवर पदर झाकलेला. त्याला बघून तिने वाटी आणखी पोटाशी धरली.

झालं. सटवाच्या मनात सगळं जुळलं. हिनेच आपली लेक खाल्ली, हिनेच बायकोची वाचा बांधली. तो तसाच चावडीवर गेला.

पाटलांनी केराला बोलावणं धाडलं. तिच्या झोपडीतून सगळ्या वाट्या, करवंट्या आणून चावडीपुढे उन्हात मांडल्या. सगळं गाव जमलं. माणसं जवळही येईनात आणि लांबही जाईनात.

पाटील म्हणाले, "हे काय हाय?"

"रंग हाईत, पाटील."

"लेकरांच्या केसांचा रंग व्हतो व्हय गं?"

"केसांचा कुंचला क्येला. कड्यावर येऊन बघा एकडाव."

पण कड्यावर जायला कोण तयार होतंय? ती बोलावतेय म्हणजे तिथेच काहीतरी मांडून ठेवलं असणार! पाटील माणूस तसा न्यायाचा. ते म्हणाले, करणीची वस्तू करणाऱ्याच्याच पोटात गेली तर करणी त्याच्यावर उलटते, असं जुनी माणसं सांगतात. "रंग हाय म्हणतीस न्हवं? मग चाख. सगळा चाखलास तर तू खरी. न्हाईतर आजच्या आज घाटापल्याड जायचं, आन् तो कडाबी आमी खरवडून काढू."

केराने एकदा कड्याच्या दिशेने बघितलं. मग खाली बसली आणि पहिल्या वाटीत बोट बुडवलं. काजळी चाखली. माती चाखली. पिवडी चाखली, पळसाचा रंग चाखला. जीभ काळी, मग तांबडी, मग पिवळी. लोक तिच्या पायांकडे बघत होते, आता पडेल, मग पडेल. ती काही पडली नाही. म्हाताऱ्या बाया आपसांत कुजबुजू लागल्या, अगं, खरंच रंग आहे की काय! सटवा मात्र शेवटच्या वाटीवर नजर लावून उभा होता. तीच ती. ह्या वाटीत पांढरा रंग होता.

केराने ती वाटी उचलली आणि पदराखाली घेतली. "ह्यो मी न्हाई चाखायची."

गर्दीतून एकच ओरडा उठला. सटवा पुढे झाला. "काय हाय त्यात?"

"चुना."

"चुना आमी पानाला लावून खातो. चाखायला काय झालं? चुन्यात काय कालवलंय, ते सांग!"

केरा घाटापलीकडे जाईन म्हणाली, कडा खरवडा म्हणाली, पण वाटीत काय आहे ते सांगेना. आणि कड्यावर तिचा जीव किती, हे तर सगळ्यांना ठाऊक. तोही सोडायला तयार झाली म्हटल्यावर संशयाला कुठे जागा उरली? सटवाने तिचं मनगट धरलं. दुसऱ्या हाताने वाटी तिच्या तोंडाशी नेली. म्हणाला, आज हे तुझ्या घशात ओतल्याबिगर मी मागं सरणार न्हाई. तिने दात आवळले. थोडा रंग हनुवटीवरून ओघळला.

"सोडा तिला!"

आवाज कोणाचा ते आधी कोणाला कळलंच नाही. सटवाला कळला. कितीतरी दिवसांनी ऐकत होता. गजरा गर्दीतून आली होती, डोक्यावर पदर नाही, कोण बघतंय ह्याचं भान नाही.

"ते माझं दूध हाय," ती म्हणाली.

गेलेल्या लेकराच्या आईचं दूध कोणाच्या नजरेला पडू नये, अशी तेव्हाची समजूत. अशुभ मानत. गजराला तर पान्हा आवरत नव्हता. रोज परसात जाऊन ती केळीच्या बुडाशी दूध पिळून टाकी आणि रडत बसे. केरा काजळी मागायला आली तेव्हा तिने हे बघितलं. म्हणाली, मातीत नको ओतू, मला दे, मी तुझी लेक काढते. चुन्यात दूध कालवलं की रंग दगड धरून बसतो, हे तिला सारवणातून ठाऊक. कोणाला सांगणार नाही, असं तिने गजराला वचन दिलं होतं, आणि तेव्हापासून वाटीवाटीने दूध नेत होती.

पाटील हळूच म्हणाले, "मग बाई, तू चाखलं का न्हाईस? दूध तर हाय."

केराने हनुवटी पुसली. "लेकराचा घास हाय तो, पाटील. तिच्या तोंडात पडला न्हाई. मी कशी खाऊ?"

 सटवाने मनगट सोडलं. ती वाटी त्याच्याच हातात राहिली होती आणि ती खाली कशी ठेवावी हे त्याला कळेना. शेवटी गजराने ती घेतली.

त्या दिवशी सटवा पहिल्यांदा करवंदीच्या जाळीआड न लपता कड्यासमोर उभा राहिला. सगळं गाव मागे होतं. लोकांना आपापले मेलेले बैल दिसले, आपापल्या उंबऱ्याच्या रंगात. सटवाला तिकडे बघायचं नव्हतं. गजराने त्याला हाताने धरून एका कोपऱ्यात नेलं. तिथे एक एवढंसं पोर होतं, पांढरं, मुठी आवळलेलं. ऊन सरळ त्याच्यावर पडलं होतं. गजरा सांगत गेली आणि केरा काढत गेली, असं ते झालेलं. कपाळ रुंद. डाव्या कानाची पाळी वरून दुमडलेली.

सटवाचा हात आपल्या डाव्या कानाकडे गेला. त्याचीही पाळी तशीच होती, म्हणे. लेक कोणावर गेली ते त्याला त्या दिवशी कळलं. तो तिथेच बसला आणि लहान मुलासारखा रडला, आणि गजरा त्याला म्हणाली, "बगा आता. पोटभर बगा."

आता तुम्हाला वाटेल, गाव शहाणं झालं. छे हो! गाव ते गाव. दुसऱ्या साली केराने रंग कालवला तेव्हा लोक पुन्हा म्हणालेच, आधी चाख. तीही हसून चाखायची. ती म्हातारी झाली, गेली, केराची केराई झाली, तिच्या जागी दुसऱ्या बाया आल्या. त्यांनाही गावाने चाखायला लावलं. होता होता त्याचा रिवाज झाला, आणि रिवाज झाला की त्याला श्रद्धा म्हणायला आपण मोकळे.

पण एका वाटीला गावाने तेव्हापासून कधी हात घातला नाही. आजही, ज्या घरात त्या साली तान्हं लेकरू गेलं असेल, त्या घरची बाई चैत्रात पांढऱ्या रंगाची वाटी घेऊन येते. वाटी पदराने झाकलेली असते. ती आली की पुरुष बाजूला होतात, कोणी काही विचारत नाही, त्या रंगाला कोणी जीभ लावत नाही. तिची ती भिंतीपाशी जाते, जेवढं काढता येईल तेवढं काढते. तो वरचा पांढरा घोळका दिसतोय ना, तो तसाच वाढत आलाय. मोजू नका, मोजायचं नसतं ते.

आणि ज्या साली एकही पांढरी वाटी येत नाही, त्या साली आमचं गाव घरोघर गूळ वाटतं.