क्षितिगर्भाला छप्पर का नाही

भगवान तथागतांच्या महापरिनिर्वाणाला कित्येक शतके लोटली, तरी हिमवंताच्या उत्तर उतारावर देवदारांच्या गर्द छायेत त्यांचा धर्म अखंड तेवत होता. त्या तपोवनात, जिथे हरिणशावके भिक्षूंच्या चीवरांशी अंग घासत आणि निर्झरांच्या काठी सूत्रपाठाचा गंभीर घोष चाले, दोन गुरुबंधू राहत. थोरला महर्षी गगनकीर्ती, विद्येने प्रकांड आणि तपाने प्रखर. धाकटा बोधिसत्त्व क्षितिगर्भ, ‘नरकातला शेवटचा जीव सुटेपर्यंत मला बुद्धत्व नको’ असे व्रत घेतलेला. आता एवढ्या मोठ्या ऋषीला काय कमी होते? पण नाही! एखाद्या वाटसरूने आधी धाकट्याला नमस्कार केला, की याच्या पोटात दुखायला लागे.

तेव्हा चीनदेशात एका महाविहारात धर्मग्रंथांचे भाषांतर चालले होते, आणि सम्राटाने या दोघांना तिथे पाचारण केले. तिथली रीत मोठी काटेकोर. एकाने संस्कृत म्हणायचे, दुसऱ्याने अर्थ सांगायचा, तिसऱ्याने लिहायचे. कुणाचे नाव आले की सारी सभा थांबे आणि ठरवी, याचा अर्थ घ्यायचा की नुसता उच्चार.

विहारातल्या वृद्ध आचार्यांनी हात जोडून विचारले, “भदंत, आपली नावे ग्रंथात कशी उतरवू?”

क्षितिगर्भ म्हणाला, “क्षिती म्हणजे पृथ्वी. तिच्या गर्भात सारे सुखरूप राहते. तुमच्या लोकांचे मोलाचे जिथे सुखरूप राहते, त्या जागेचे नाव लिहा.”

त्या लोकांचे मोलाचे सारे कोठारात राही. म्हणून आचार्यांनी लिहिले ‘तीत्सांग’, पृथ्वीचे कोठार. सभेने आनंदाने माना डोलावल्या, आणि तेवढ्यानेही गगनकीर्तीचा जळफळाट झाला.

“माझ्या नावाला परक्या भाषेचा विटाळ नको!” तो गरजला. “देवभाषेतला नाद जसाच्या तसा लिहा!”

“भदंत, नुसत्या उच्चारातून आमच्या माणसांना काहीच कळणार नाही.”

“न कळो! वंदन करायला अर्थ कशाला लागतो?”

झाले! आचार्यांनी मुकाट्याने, शेवटचे जोडाक्षर फोडून, नुसत्या नादाची सहा चिनी अक्षरे ओळीने लिहून टाकली. बघता बघता शेतकरी, नावाडी, विणकर, सगळ्यांच्या तोंडी तीत्सांग बसला. ती सहा अक्षरे मात्र कुणी उच्चारीना. मत्सराने ऋषीची झोप उडाली, अन्न गोड लागेना, आणि अखेर कमंडलूतले जल हाती घेऊन तो क्षितिगर्भापुढे उभा ठाकला.

“क्षितिगर्भा! माझे यश तू गिळलेस! समुद्रापलीकडच्या द्वीपात तुझे नाव जाईल, तेव्हा तुला छप्पर मिळणार नाही. पावसात, बर्फात, वाटेच्या धुळीत उभा राहशील!”

“ज्येष्ठ बंधो, शाप शिरोधार्य,” क्षितिगर्भ शांतपणे म्हणाला. “वाटेवर माणसे तरी भेटतील.”

शाप फळला. अक्षरे तीच राहिली, पण जपानच्या जिभेवर तीत्सांगचा ‘जिझो’ झाला आणि खिंडीखिंडीत, तिठ्यातिठ्यावर दगडी रूपाने उघडा उभा राहिला. आणि गंमत पाहा, देवळात जायचे त्राण नसलेल्या आयांना तो तिथेच सापडला. ज्यांची तान्ही गेली होती, त्यांनी ओळखले की पृथ्वीच्या कोठारात आपले लेकरूही ठेवता येईल. अशा रीतीने कोठाराचा झाला लेकरांचा राखणदार.

भावाची फजिती पाहायला गगनकीर्ती मोठ्या हौसेने तिथे गेला. एका खिंडीत तान्हे पोर गमावलेली सायो नावाची कोळीण भर पावसात दगडाच्या गळ्यात तांबडे लाळेरे बांधत होती. ‘जिझो, जिझो’ एवढेच पुटपुटत होती. ते ऐकून ऋषी पुढे झाला. आयुष्यात पहिल्यांदा तो विनवणीच्या सुरात बोलला, “बाई, एकदा माझेही नाव घे. गगनकीर्ती.”

तिने दोनदा प्रयत्न केला. “जमत नाही हो, महाराज. काय अर्थ त्याचा?”

“आकाशभर पसरलेली कीर्ती.”

“मोठं आहे नाव,” सायो म्हणाली. “पण माझं पोर तिकडे एकटं आहे. तुमचं नाव घेतलं, तर तुम्ही जाल त्याच्याजवळ?”

शाप मागे घ्यायची वेळ हीच होती, पण ऋषीचे मन तेवढे मोठे झाले नाही. तो तसाच जळत परतला.

म्हणून जिझो आजही उघड्यावर उभा आहे, आणि आया त्याच्याशी बोलतात. गगनकीर्तीची सहा अक्षरे आहेत विहाराच्या ग्रंथात. त्यांना छप्पर आहे, भिंती आहेत आणि दाराला कुलूप आहे.