मात होईपर्यंत

न हरलेला डाव तुम्ही कधी सोडून दिला आहे का?

हेमांगी देशिंगकरने दिला होता. एका स्पर्धेत, भर दुपारी, भरलेल्या हॉलमध्ये.

सहा वेळा राज्य अजिंक्यपद मिळवलेली बुद्धिबळपटू ती. मोठे खेळाडू मात होईपर्यंत बसून राहत नाहीत. हार दिसली की हात पुढे करतात आणि उठतात. हेमांगीनेही तेच केलं. ती उठल्यावर बघणाऱ्यांपैकी एकाने तिचा घोडा उचलून एका घरात ठेवला.

त्या एका चालीने डाव वाचत होता.

संध्याकाळी ती मिरजेला आपल्या गुरूंकडे गेली. सुंदराक्का आता ऐंशीच्या घरात होत्या. वाचनालयाच्या मागच्या खोलीत, येईल त्याला बुद्धिबळ शिकवत. हेमांगीच्या हातात पहिलं प्यादं त्यांनीच दिलं होतं.

"अक्का, उद्याची शेवटची फेरी मी खेळत नाही. उद्याचीच नाही, कुठलीच नाही. बास झालं."

"बरं," अक्का म्हणाल्या. "चहा घेतेस?"

"मी काय सांगतेय..."

"ऐकलं की. आलं घालू का?"

हेमांगी सतरंजीवर बसली. थोड्या वेळाने आपणच बोलू लागली. "पूर्वी मला डाव दिसायचा, अक्का. आता नुसता शेवट दिसतो. तोही फार आधी. मग पुढचं खेळवतच नाही."

अक्कांनी चहाचं आधण ठेवलं. मग त्यांनी खिडकीशी बसलेल्या बाईंना हाक मारली. त्या लीलाबाई मगदूम, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. दिवाळीपासून शिकायला येत होत्या. अजून एकदाही हरल्याशिवाय घरी गेल्या नव्हत्या.

"लीला, ये. हिच्याशी खेळ."

"अगं बाई... यांच्याशी? अक्का, काल मला माझ्या नातवाने हरवलंय."

"म्हणून तर."

अक्कांनी हेमांगीचा वजीर पटावरून उचलला. मग दोन्ही हत्ती उचलले. मग जरा थांबून एक घोडाही उचलला.

"एवढं?" हेमांगीने विचारलं.

"राजा ठेवलाय ना?"

हेमांगी मन लावून खेळली. पण लढायला सैन्यच नव्हतं. शेवटी तिचा एकटा राजा उरला. समोर लीलाबाईंचा वजीर होता आणि दोन हत्ती होते.

हेमांगीने सवयीने हात पुढे केला. "सोडला डाव, काकू. छान खेळलात."

"हात मागे घे," अक्का म्हणाल्या.

"पण अक्का, काही उरलेलं नाही."

"या खोलीत मात होईपर्यंत बसायचं असतं. विसरलीस?"

हेमांगीने हात मागे घेतला. तिचे कान लाल झाले.

"शह," लीलाबाई म्हणाल्या. राजा सरकला.

"शह." राजा परत सरकला.

"परत शह... अहो, हा मरत का नाही?"

"जन्मभर माणसं जगवलीस," अक्का म्हणाल्या. "मारायला वेळ लागायचाच."

लीलाबाई पदराने कपाळ पुसत राजाच्या मागे पटभर हिंडल्या. एकदा तर मात समोर होती आणि त्या दुसरीकडेच गेल्या. हेमांगीला ते दिसलं. आता ती पटावर थोडी वाकली होती.

शेवटी राजा कोपऱ्यात सापडला. लीलाबाईंनी वजीर उचलला, खूप विचार केला आणि अगदी हळू खाली ठेवला.

तिघीही पटाकडे बघू लागल्या.

राजाला शह नव्हता. आणि हलायला एकही घर नव्हतं.

"शह नाही आणि चालही नाही. म्हणजे बरोबरी," अक्का म्हणाल्या.

"म्हणजे मी जिंकले नाही?" लीलाबाईंनी विचारलं.

"नाही."

"पण... हरलेपण नाही?"

"नाही."

लीलाबाईंनी पिशवीतून मोबाईल काढला. "अहो, ऐकता का? कुकर तुम्हीच लावा आज. मला उशीर होणार आहे. राज्याच्या अजिंक्यपदवाल्या बाईंशी बरोबरी केलीय... कोणी म्हणजे? मी."

हेमांगीला हसू फुटलं. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसली. पटासमोर बसून हसल्याला तिला कितीतरी वर्षं झाली होती.

"पण अक्का," ती डोळे पुसत म्हणाली, "मी हरलेच होते. मला शेवट स्वच्छ दिसत होता."

अक्का एकेक मोहरा पुन्हा जागेवर लावत होत्या.

"तुला दिसत होता गं... पण तिला कुठे दिसत होता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटच्या फेरीत हेमांगीचा एक हत्ती लवकरच गेला. बाकीचे सगळे डाव संपून पट गोळा झाले, तेव्हा ती अजून खेळत होती आणि समोरची खेळाडू विचारात पडली होती.