कड्यावरचं वळण

फार वर्षांपूर्वी एका माळावर सशांची शर्यत भरायची. जुन्या वाटेला कड्याच्या काठानं एक अवघड वळण होतं. चांदी सशिणीचा लेक भुरा तिथूनच कोसळून गेला, तेव्हा सशांनी कडा टाळून नवी, रुंद वाट आखली.

पुढची शर्यत पाहताना माकड कुरकुरलं, “त्या वळणावर काळीज कसं धडधडायचं! आता मजा नाही राहिली.”

“पण कुणाचा जीव तरी जात नाही,” खार म्हणाली.

वाद चिघळला. माकडानं शेजारच्या सशिणीला विचारलं, “आजी, तुम्हीच सांगा, कुठली वाट बरी?”

ती चांदी होती. “मलाही जुनीच आवडायची, बाळा. त्या वळणावर माझा भुरा सगळ्यांच्या पुढं असायचा. पण नवीच राहू दे.”

माकड ओशाळलं. शेवटचा ससा सुखरूप पोचल्यावरच चांदी उठली.